पुढच्या बोटीने

४ नोव्हेंबर, सोमवार

एकदाचे बोटीवर चढलो. सामानाचे अकरा डाग, शाळेसाठी पाट्यांची एक जड पेटी, तुझ्या आईचं शिवणयंत्र आणि आम्ही दोघं, सगळे धडधाकट पोचलो. मुंगे, ही वही तुझ्यासाठी आहे. तू पुढच्या बोटीने आलीस की तिकडच्या नव्या घरात बसून आपण ती वाचू. ‘रोजचं रोज लिहा आणि थापा मारू नका’ असं तू अंथरुणातून बजावलं होतंस. सहा वर्षांच्या बाईसाहेबांचा हुकूम, मोडायची माझी काय बिशाद?

आमची खोली आपल्या घरातल्या कोठीएवढी आहे. भिंतीला एकावर एक अशा दोन फळ्या ठोकल्या आहेत, त्यांना बिछाने म्हणायचं. वरच्या फळीवर मी. चढून पाहिलं आणि दोनदा कपाळ आपटून घेतलं. हात धुवायला लोखंडी भांडं आहे, ते भिंतीतून बाहेर येतं आणि पुन्हा भिंतीत जातं. तू असतीस तर दिवसभर तेच केलं असतंस. खिडकी गोल, ताटलीएवढी.

मिशनची मंडळी धक्क्यावर आली होती. त्यांनी गाणं म्हटलं, प्रार्थना केली, मला हार घातला. मी छोटंसं भाषण केलं. समुद्रापलीकडच्या लोकांना अक्षरं शिकवायची आणि देवाचा शब्द सांगायचा, यासाठीच मी जन्मलो असं काहीतरी बोललो. लोकांना आवडलं. तुझी आई शेवटपर्यंत रुमाल हलवत होती. उजवा हात दुखला तेव्हा डाव्या हाताने. ती रडली नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस वहीला हात लावला नाही, कारण हात रिकामे नव्हते. एका हातात बादली, दुसऱ्या हातात फळीची कड. पोटात होतं नव्हतं ते सगळं समुद्राच्या स्वाधीन केलं. तुझी आई मात्र खडखडीत आहे. पाचवा महिना असून डेकवर फेऱ्या मारते आणि मला चोखायला लिंबू आणून देते. आमच्याकडे बघून खलाशी गालातल्या गालात हसतात.

बोटीवरच्या आचाऱ्याशी ओळख झाली. दंडावर मासा गोंदवलेला, पोट पिंपासारखं आणि आवाज बाळासारखा कोवळा. त्याने पेज करून पाठवली, तीच काय ती आत राहिली.

तिकडच्या भाषेचे रोज वीस शब्द पाठ करतो. ‘बसा’ आणि ‘मरा’ यांसाठीच्या तिकडच्या शब्दांत जेमतेम एका मात्रेचा फरक आहे. पहिल्याच दिवशी वर्गाला काय सांगून बसेन, देव जाणे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

थापा नकोत म्हणालीस, म्हणून हेही लिहितो. आज तुझी आई तो विषय बोलली. भांडली नाही, नुसतं म्हणाली की आपण एक बोट थांबलो असतो तर काय बिघडलं असतं.

तुला खोकला आणि ताप. असं मूल बंदरावरचा डॉक्टर बोटीवर चढू देत नाही. तुझ्या आईचं म्हणणं होतं की तिघांनी मिळून पुढच्या महिन्यात निघू. पण तिकडची शाळा सहा महिने मास्तराविना बंद आहे. मी मिशनला शब्द दिला होता. मी म्हटलं, मुंगी काकूजवळ राहील, बरी झाली की काकू तिला घेऊन येईल, एका बोटीचा तर प्रश्न आहे. काकू तुला जीव लावते हे काही खोटं नाही. साखर मात्र जपून ठेव म्हणावं. कुठेही लपवली तरी तू शोधतेस, म्हणून तर तुझं नाव मुंगी पडलं.

बोटीवरच्या डॉक्टरने तुझ्या आईला तपासलं. सगळं ठीक आहे. मला बाजूला घेऊन त्याने सांगितलं की हिला कसलाही धक्का बसता कामा नये. तुझ्यानंतरची दोन बाळं राहिली नाहीत हे तिने त्याला सांगितलं असणार. तुला हे मोठेपणी कळेल.

११ नोव्हेंबर, सोमवार

बंदर लागलं. कोळसा आणि पाणी भरायला चार तास थांबणार होते. मी पाय मोकळे करायला उतरलो. कचेरीत माझ्या नावाची तार आलेली होती. थोरल्या दादाची. सहा शब्द.

मुंगी काल पहाटे गेली. ताप चढला.

कचेरीतून बाहेर आलो. ऊन होतं. एक माणूस पिंप गडगडवत नेत होता, त्याला वाट दिली. बोटीच्या कठड्याशी तिची आई उभी होती. तिने हात हलवला. मीही हलवला.

शिडी चढेपर्यंत सांगायचं असं ठरवलं होतं. तिने विचारलं, घरचं काही आलं का. मी म्हटलं, मिशनची तार आहे, पाट्यांबद्दल.

डॉक्टरने सांगितलंय, पोटात मूल आहे, किनारा लागेपर्यंत थांबू, असं मी स्वतःला समजावतो आहे. ते खोटंही नाही. पण खरं एवढंच की माझं तोंड उघडलं नाही. आजवर कितीएक घरांत मी अशी बातमी घेऊन गेलो. दारातच कळतं लोकांना. मग मी त्यांच्याशेजारी बसतो, धीर देतो. तेच तर माझं काम.

ही वही आता कुणासाठी लिहायची?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या कुणाशी बोलू?

तिची आई आज गुणगुणत उठली. म्हणाली, कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. मग केस विंचरता विंचरता अगदी सहज म्हणाली की मुंगीचा ताप उतरलाय, अंग अगदी गार लागतं.

मी विचारलं, तुला कसं कळलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी आज वार कोणता तेच विचारत होतो. आईचं मन, स्वप्न पडलं असेल, असं म्हणून मी वर डेकवर गेलो आणि माणसांपासून लांब जाऊन उभा राहिलो. रडूही आलं नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी आचारी हसत हसत आला. तुमच्या मुलीने माझी साखर संपवायची ठरवलेली दिसते, म्हणाला. बरणीत इवली इवली बोटं उमटलेली असतात. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं मूल असेल, हा माझ्या गळ्यात घालतोय. म्हणून विचारलं, कोणती मुलगी.

हिरवा झगा, एक वेणी सुटलेली, म्हणाला. पायांत काही नाही. चुलीला अगदी खेटून बसते. बाळ, भाजेल, लांब बस म्हटलं तर म्हणते, थंडी वाजते. तुम्ही तिला लोकरीचं काहीतरी घाला साहेब, इतक्या उकाड्यात पोर कुडकुडते म्हणजे काही बरं नाही.

मी बरं म्हटलं.

कप्तानाकडे जाऊन उतारूंची यादी पाहिली. बोटीवर एकही मूल नाही. आचाऱ्याने मुंगीला कधी पाहिलेलं नाही, ती घरून धक्क्यावर आलीच नव्हती. हिरवा झगा आम्ही निघालो त्या सकाळी तिच्या अंगावर होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी खोलीत गेलो तर तिची आई खालच्या फळीवर बसून वेणी घालत होती. स्वतःची नव्हे. गुडघ्यांसमोर काहीच नव्हतं आणि तिची बोटं तीन पेड एकमेकांवर टाकत खाली खाली येत होती, न अडखळता, न बघता, जशी रोज सकाळी येतात. मधेच तिने कुणाला तरी मान सरळ ठेवायला सांगितलं.

मी दारातच उभा राहिलो. तिने मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला खुणावलं.

ती बाहेर गेल्यावर मी फणी उचलली. दातांत चार-पाच केस होते. बारीक, पिंगट, टोकाला किंचित कुरळे. तिच्या आईचे केस काळे आणि जाड आहेत.

फणी गार होती. फणी कधी गार असते?

१७ नोव्हेंबर, रविवार

कप्तानाच्या सांगण्यावरून डेकवर उपासना घेतली. तीस-चाळीस माणसं बाकांवर बसली होती. मी हरवलेल्या मेंढराचा भाग वाचला. आधीच ठरलेला होता, बदलावा हे सुचलं नाही.

वाचताना लक्षात आलं की लोक माझ्याकडे बघत नाहीत. सगळ्यांची नजर माझ्या उजव्या गुडघ्याच्या आसपास, थोडी खाली. कौतुकाने बघावं तशी. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा खलाशी सरकला, शेजारी हात थोपटून त्याने जागा करून दिली. मग सगळ्यांच्या नजरा तिथे गेल्या. बाक रिकामाच होता. म्हाताऱ्याने आपलं उपरणं काढून त्या रिकाम्या जागेवर पांघरलं आणि ते खाली पडलं नाही.

मी प्रार्थना म्हणू लागलो. तिच्या आईकडे पाहिलं. तिचा चेहरा तर उजळला होता. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला इतकी सुखी पाहिलेली नाही.

सगळ्यांना दिसते. मला दिसत नाही. बाप मी आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरने बोलावलं. तिच्या आईचे हात थंड पडतात, नाडी मंद आहे, तीन दिवसांत बाळाची हालचाल तिला जाणवलेली नाही. तिने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, खाणंपिणं वाढवा, उन्हात बसवा. मग चष्मा पुसत म्हणाला की तुमच्या मुलीला तेवढं वेगळं झोपवा. या अवस्थेत खोकणारं पोर रोज पोटाशी घेऊन झोपणं बरं नव्हे. आत्ताही ती दाराबाहेर खोकते आहे, ऐका.

मी ऐकलं. यंत्राची धडधड, बाकी काही नाही.

मी आतापर्यंत समजत होतो की माझ्या बायकोच्या मनाचा तोल गेला आहे. तसं असतं तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

तिची आई दिवसभर शिवते. उबदार फलाटीणचा झगा, वर फलाटीणचीच टोपी. नखं निळसर झाली आहेत. उन्हात चल म्हटलं तर म्हणते, तिला एकटीला कशी सोडू, पुन्हा?

आज तिने शिवता शिवता सांगितलं, की मुंगी विचारते, बाबा माझ्याकडे का बघत नाहीत, रागावलेत का.

मी विचारलं, कुठे आहे ती. तिने पायाशी बोट दाखवलं. मी गुडघे टेकून पाहिलं. लाकडी जमीन होती. गोल खिडकीतून उन्हाचा एक कवडसा पडला होता, तो बोट कलेल तसा जमिनीवरून इकडून तिकडे सरकत होता. सरकत सरकत तो तिच्या पायाशी आला आणि तिथे खंडला. मधेच काळोखाचा एक तुकडा, मांडी घालून बसलेल्या मुलाएवढा. कवडसा पलीकडे गेला आणि पुन्हा पुरा झाला.

मी मुंगीचं नाव घेणार होतो. घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तिच्या आईने अन्न सोडलं. मुंगी खात नाही तर मी कशी खाऊ, म्हणते. ओठ पांढरे पडलेत. डॉक्टर म्हणतो, किनारा पाच दिवसांवर आहे, पण असंच चाललं तर बाळ हाती लागणार नाही. आणि बाळाचंच काय, आईसुद्धा—

मुंगी मुद्दाम करत नाही. एवढंसं पोर, थंडी वाजली की आईच्या कुशीत शिरणार. कुठल्याही मुलाने हेच केलं असतं. पण तिची थंडी संपणारी नाही, आणि आईची ऊब संपत चालली आहे.

मी काय करायचं ते मला कळलं आहे. दहा दिवसांपूर्वीच करायला हवं होतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

दुपारची वेळ होती. ती फळीवर कुशीवर पडलेली, एक हात पांघरुणाखाली काहीतरी कवटाळून. मी शेजारी पेटीवर बसलो. इतक्या घरांत जे म्हणालो ते एकही वाक्य आठवेना. म्हटलं, “आपली मुंगी गेली. दहा तारखेला, पहाटे. बंदरावर आलेली तार तिच्याबद्दलची होती.”

ती म्हणाली, “मला ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“तुम्ही कचेरीतून बाहेर आलात आणि उन्हात टोपी हातात धरून उभे राहिलात तेव्हापासून.”

ती छताकडे बघत, हळू आवाजात बोलत होती. “तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर मी रडले असते. तुम्ही गप्प राहिलात. मीही राहिले. म्हणून तिला राहायला जागा झाली.”

मग तिने पांघरूण वर उचललं. आत पाहिलं. हाताने चाचपलं, उशीखाली, पायाशी, भिंतीच्या बाजूला. एखादी वस्तू हरवल्यावर चाचपावं तसं, आणि मग मूल हरवल्यावर शोधावं तसं.

“आता बोललात,” ती म्हणाली. “आता ती कुठे जाईल?”

त्यानंतर ती रडली. मी तिला धरून बसलो होतो. संध्याकाळपर्यंत तिचे हात कोमट झाले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

तिने दोन घास खाल्ले. फलाटीणचा झगा घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला. दुपारी माझा हात ओढून पोटावर ठेवला. बाळ हललं, अगदी स्पष्ट. डॉक्टर खूश आहे. त्याने मुलीबद्दल काही विचारलं नाही. मीच आडून विचारलं तर म्हणाला, कोणती मुलगी?

आचाऱ्याचंही तेच. साखरेच्या बरणीकडे बघून तो जरा घोटाळला, काहीतरी आठवावं तसा, आणि कामाला लागला.

सुटलो, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. मग मी रडलो, तार आल्यापासून पहिल्यांदाच.

२४ नोव्हेंबर, रविवार

उपासना घेतली. प्रार्थना चालू असताना माझ्या मागे कुणीतरी खोकलं. बारीक, कोरडा, तीनदा. मग एकदा.

तो खोकला मी ओळखतो. निघायच्या आधी पंधरा दिवस ऐकत होतो.

वळून पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. मला एकट्यालाच—

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिसली.

भरदुपारी, जिन्याच्या खालच्या पायरीवर. हिरवा झगा. वेणी घातलेली, नीट. आईने घातलेली. ओठ काळेनिळे. मला बघून उठली नाही. आपण परक्या घरी आलो आहोत आणि कुणी ये म्हणेपर्यंत जागचं हलायचं नसतं, तशी ती अवघडून—

मी म्हटलं, मुंगे. ती म्हणाली, मी किती शोधलं तुम्हाला, बाबा. आईला मी दिसत नाही आता.

रागावली नाही. एका शब्दानेही नाही. रागावली असती तर—

मी कोट काढून तिला गुंडाळला. माझीच बोटं बधिर झाली. अक्षर असं येतंय ते त्यामुळे. हिच्या आईला सांगितलेलं नाही. सांगणार नाही. तिची ऊब पोटातल्या जिवाला हवी. माझी कुणाला—

कोट परत घेतला तेव्हा आतून ओला होता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

किनारा. नांगर टाकला. इथे धक्का नाही, होडीतून उतरायचं. सामान गेलं, पाट्यांची पेटी गेली. डॉक्टरने मुंगीच्या आईला हात धरून शिडीवरून उतरवलं. होडीत पोटावर हात ठेवून बसली आहे. गालांवर रंग आलाय. वाळूवर पोरं जमलीत, शाळेतलीच असावीत. उड्या मारतायत.

मी शिडीपर्यंत गेलो. मुंगी आली नाही. भटारखान्याच्या दाराशी थांबली. मी हात पुढे केला. ती म्हणाली, “बाबा, मला उतरता येत नाही.” रडत नव्हती. लहान मुलाला समजवावं तसं मलाच समजावत होती.

पोरांना शिकवायचंय, मिशनला शब्द दिलाय, हे सगळं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. घरून निघतानाही तिने असंच ऐकून घेतलं होतं. बरं म्हणाली.

खाली हाका मारतायत. आलो म्हणून सांगितलंय. ही वही आचाऱ्याच्या हाती देतो, हिला दे म्हणून—

बोट पाणी घेऊन लगेच पुढे निघणार आहे. कुठे, ते विचारलं नाही. कुडकुडते आहे. एकटी कशी— एकदा टाकून आलो, दुसऱ्यांदा कसं—

होडीतून हिने वर पाहिलं. हाक मारत नाही. माझ्या शेजारी, खाली, जिथे मुंगी उभी आहे, तिथेच बघतेय. दिसत नसेल, पण हिला कळलं. हात वर केला. मला की—

मुंगीने बोट धरलं. किती गार. दुसऱ्या बाजूला चला म्हणते. तिकडून किनारा दिसत नाही, नुसतं पाणी. येतो ग मुंगे, एवढी ओळ—